उतरलेली चेन

माझ्या भाच्याच्या सायकलची चेन आठवड्यातून एकदा तरी उतरते. सायकल जुनी आहे, चेन ताणून ताणून सैल झाली आहे आणि वळणावर पेडल उलटे फिरवण्याची सवय तो काही केल्या सोडत नाही. चेन उतरली की तो सायकल ढकलत दारापाशी आणायचा, बाहेरूनच "मावशी, चेन!" अशी हाक मारायचा आणि मी हातातले काम टाकून बाहेर जायची. काम अर्ध्या मिनिटाचे. मी वाकून चेन बसवत असताना तो बाजूला उभा राहून मला कृष्णविवराच्या कडेला काळ कसा मंदावतो ते समजावून सांगायचा, आणि ते तो इतके छान सांगायचा की आपण या मुलाचे अंगठ्याएवढे काम करून देतो आहोत याचे मला कौतुकच वाटायचे.

मग एका संध्याकाळी त्याच्या मित्राची चेन उतरली. ती दोघे समोरच्या रस्त्यावर होती आणि मी खिडकीत. मित्राने सायकल आडवी पाडून चेनकडे पाहिले, माझ्या भाच्याकडे पाहिले. माझा भाचा अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाला, "थांब, मी मावशीला बोलावतो."

अकरा वर्षांच्या मुलाला चेन बसवता येत नाही, ही काही जगबुडी नव्हे. मला खटकले ते वेगळेच. मी पन्नासेक वेळा त्याच्यादेखत चेन बसवली होती आणि त्या पन्नास वेळांतून तो एक गोष्ट अगदी पक्की शिकला होता: चेन उतरली की मावशीला हाक मारायची. म्हणजे शिकणे झालेच होते. मी समजत होते ते झाले नव्हते, एवढेच. त्यानंतर मुलांना काय शिकवावे याविषयी कोणी बोलू लागले की माझ्या डोळ्यांपुढे ती आडवी पडलेली सायकल येते.

सध्या या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. 'जीवनकौशल्ये' हा शब्द पालकसभांत, शिबिरांच्या जाहिरातींत आणि शाळांच्या माहितीपत्रकांत इतका रुळला आहे की तो आला कुठून हे कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात शाळांसाठी जीवनकौशल्यांच्या शिक्षणाचा आराखडा मांडला, तेव्हा तिने दहा कौशल्ये गाभ्याची मानली होती. निर्णय घेणे आणि समस्या सोडवणे, सर्जक आणि चिकित्सक विचार, संवाद आणि माणसांशी जुळवून घेणे, स्वतःची ओळख आणि समानुभूती, आणि शेवटी भावना व ताण हाताळणे, अशा त्या पाच जोड्या आहेत. त्याच सुमारास, १९९६ साली, युनेस्कोसाठी जॅक देलोर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शिक्षणाचे चार आधारस्तंभ सांगितले: जाणायला शिकणे, करायला शिकणे, सोबत राहायला शिकणे आणि असायला शिकणे. यातल्या एकाही शब्दाला नावे ठेवता येणार नाहीत. माझी तक्रार यादीशी नाहीच. यादीचे पुढे जे झाले त्याच्याशी आहे. तिचा एक तास झाला, तासाची एक वही झाली आणि वहीत रिकाम्या जागा आल्या. भाच्याच्या अशाच एका वहीत मी 'समानुभूती'चे पान पाहिले. 'मित्र दुःखी असेल तर मी ______.' त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'त्याला समजून घेईन.' त्यावर बरोबरची खूण होती. त्याच आठवड्यात त्याचा एक मित्र खेळातून बाहेर काढला गेला म्हणून कोपऱ्यात बसून राहिला होता आणि आमचा हा खेळतच होता. वहीतले उत्तर खोटे नव्हते. फक्त ते द्यायला त्याला काहीच मोजावे लागले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की कौशल्य हे ज्याच्यावर काहीतरी अवलंबून आहे अशा कामातून येते. आपण न केले तर खरोखर काही अडेल, चुकले तर खरोखर काही सांडेल, आणि जमले तर दुसऱ्या कोणाचे तरी काम पुढे सरकेल, असे काम. मुलांना खरे काम आणि कामाचे सोंग यांतला फरक मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळतो. लहान मुलाच्या हाती खेळण्यातला झाडू दिला तर तो दोन दिवस फिरवतो, तिसऱ्या दिवशी खरा झाडू मागतो.

आणि मागतो, हे महत्त्वाचे आहे. काम करण्याची इच्छा मुलांमध्ये मुद्दाम निर्माण करावी लागते अशी आपली समजूत असते. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहिले की ती गळून पडते. अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि तो हाताला येत नसल्याचे दाखवतो. किंवा दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन बंद कपाटावर धडकतो. कोणी सांगत नाही, कोणी शाबासकी देत नाही, तरी बहुतेक मुले तुरुतुरु जाऊन चिमटा उचलून देतात, कपाटाचे दार उघडून देतात. माणसाने चिमटा मुद्दाम फेकला असेल तर मात्र ती फारशी हलत नाहीत. म्हणजे गरज कुठे आहे हेही त्यांना दीड वर्षाच्या वयात कळते. दोन वर्षांनी त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल ज्या मुलांना बक्षीस म्हणून वस्तू दिली गेली, ती पुढे बक्षीस नसताना इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातला चांदण्यांचा तक्ता आठवला. भाच्याचे आईवडील कामावर असतात म्हणून शाळेनंतर तो माझ्याकडे असतो, आणि तो सहा वर्षांचा असताना मी मोठ्या हौसेने तो तक्ता केला होता. चपला जागेवर ठेवल्या की एक चांदणी, ताट उचलले की एक. पहिला पंधरवडा सोन्यासारखा गेला. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला दार लावायला सांगितले तर तो म्हणाला, "याची किती?" तक्ता मी त्याच रात्री काढला, पण ते वाक्य काढायला वर्ष लागले.

त्याआधीची चूक अधिक मोठी होती, आणि ती जवळजवळ सगळ्याच घरांत होते. दोन-तीन वर्षांचे मूल जेव्हा प्रत्येक कामात हात घालायला येते तेव्हा आपण म्हणतो, "तू बाजूला हो, सांडशील." आपले म्हणणे खरेच असते, ते सांडतेच. पण हे वाक्य त्याने काही हजार वेळा ऐकले की ते बाजूला होते, आणि कायमचे होते. मग ते चौदा वर्षांचे झाले की आपणच म्हणतो, या मुलांना घरातल्या कामाचे काहीच कसे वाटत नाही! आपण त्यांना दहा वर्षे बाजूला होण्याचे शिक्षण दिलेले असते आणि ते त्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले असतात.

मारिया माँटेसरी यांनी जानेवारी १९०७मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'मुलांचे घर' नावाची आपली पहिली बालशाळा सुरू केली. त्या काळातला त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग मला फार आवडतो. त्यांनी एकदा मुलांना नाक शिंकरायचे कसे ते दाखवले. रुमालाची घडी कशी करायची, तो कसा धरायचा, आवाज न करता, कोणाच्या लक्षात येऊ न देता नाक कसे पुसायचे, एवढेच. हा धडा मुलांना गमतीचा वाटेल असे त्यांना वाटले होते. मुले एकाग्र होऊन पाहत राहिली आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाहत्या नाकावरून ही मुले जन्मभर बोलणी खात आली होती. 'नाक पूस' असे सगळ्यांनी सांगितले होते, कसे पुसायचे ते शांतपणे, अपमान न करता कोणीच दाखवले नव्हते. जीवनकौशल्य हा जडजंबाल शब्द वापरायचाच असेल तर मी तो या रुमालासाठी वापरेन. शरीराचे एक क्षुद्र काम आपले आपण नीट करता येणे आणि त्यामुळे चारचौघांत मान खाली घालावी न लागणे, यात आत्मसन्मानाचा पाया आहे, आणि तो भाषणाने घातला जात नाही.

पण दाखवायचे किती आणि सोडायचे कधी, हा खरा अवघड भाग. चेनच्या प्रसंगानंतर मी आधी दुसऱ्या टोकाला गेले. "तुझी तू बसव," असे सांगून आत निघून आले. पंधरा मिनिटांनी तो रडवेला होऊन सायकल तिथेच टाकून घरात आला, आणि पुढचे तीन दिवस सायकलला हात लावला नाही. पोहायला शिकवायचे म्हणून मुलाला विहिरीत ढकलून देणाऱ्यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. ज्यांनी त्यानंतर आयुष्यभर पाण्याचे तोंड पाहिले नाही त्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना लाकडाचे एकवीस ठोकळे जोडून एक पिरॅमिड करायला दिला होता. शिकवणारी बाई शेजारी बसलेली असे आणि तिने ठरवलेला नियम साधा होता: मुलाला जेवढे करता येते तेवढे त्याचे त्याला करू द्यायचे. मूल भरकटले तर त्याला कामाकडे वळवायचे, ठोकळा चुकीचा बसला तर आधी तोंडाने सुचवायचे आणि तेवढ्याने भागले नाही तरच हात लावून दाखवायचे. या मदतीला त्यांनी जो शब्द वापरला तो बांधकामावरचा आहे. आपल्याकडे त्याला परांची म्हणतात. इमारत उभी राहीपर्यंत बांबूंचा जो सांगाडा बाहेरून बांधतात ती परांची. ती बांधणारा पहिल्या दिवसापासून ती सोडायची आहे हे जाणून बांधतो; गाठीसुद्धा सुटतील अशाच मारतो. आपण पालक मंडळी परांची बांधतो आणि मग तिलाच रंग देत बसतो.

म्हणून चौथ्या दिवशी मी त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि माझे दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून ठेवले. ही युक्ती हास्यास्पद वाटेल, पण ज्यांचे हात सवयीने पुढे होतात त्यांना दुसरा उपाय नाही. मी म्हणाले, "आधी नुसते बघ. चेन कुठून कुठे जायला हवी?" त्याने बोट फिरवून दाखवले. मागच्या चक्राचे दात, पुढच्या चक्राचे दात, मधे लोंबणारी चेन. "मागे बसली आहे का?" नव्हती. ती त्याने दोन बोटांनी उचलून मागच्या चक्रावर ठेवली, घसरली, पुन्हा ठेवली. मग पुढच्या चक्राच्या वरच्या बाजूला अडकवायला गेला तर चेन तोकडी पडू लागली. इथे माझा उजवा हात गुडघ्याखालून निम्मा बाहेर आला होता. त्याने चेन ओढली, पेडल जोरात पुढे दाबले, चेन मागून पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी मी एवढेच म्हणाले, "खालच्या बाजूने अडकवली तर?" त्याने खालच्या दोन-तीन दातांवर चेन धरली, पेडल हळूच उलटे फिरवले आणि ती खट्कन आवाज करून एकेक दात धरत वर चढली. ज्या उलट्या पेडलमुळे ती उतरत होती त्याच उलट्या पेडलने ती चढली, हे त्याच्याच लक्षात आले आणि त्याने ते मला दोनदा ऐकवले. एकूण वीस मिनिटे लागली. अर्ध्या मिनिटाच्या कामाला वीस मिनिटे लागतात, त्यांतली साडेएकोणीस मिनिटे ही शिकवण्याची किंमत आहे, आणि मुलांना काही शिकवले जात नाही याचे मुख्य कारण आळस नसून ही साडेएकोणीस मिनिटे कोणाकडे नसतात हे आहे, असे मला आता प्रामाणिकपणे वाटते.

चेन बसवणे ठीक आहे, पण जग बदलते आहे त्याचे काय, असे कोणी विचारील. मला शाळेत लॉगॅरिदमची कोष्टके वाचायला शिकवली होती. ती मी इतकी उत्तम वाचत असे की आजही दशांश चिन्हापुढचे आकडे शोधताना माझे बोट कसे सरकत असे ते आठवते. ते कौशल्य आज मेले आहे. आज मुलांना घाईघाईने जी साधने शिकवली जात आहेत त्यांतली कोणती वीस वर्षांनी उरतील हे ती शिकवणाऱ्यांनाही माहीत नाही. तेव्हा साधनांच्या मागे धावण्यापेक्षा साधन बदलले तरी जी सवय कामाला येईल ती कोणती, एवढेच पाहावे.

अशी एक सवय मला नेमकी सापडली. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी पंचेचाळीस माणसांना इंटरनेटवरची काही संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत का हे पारखायला दिले. त्यांत दहा इतिहासकार होते, दहा बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचे पान काळजीपूर्वक वाचत राहिले. मांडणी नीटनेटकी आहे का, खाली संदर्भ दिले आहेत का, नाव भारदस्त आहे का, हे पाहत राहिले, आणि त्यांतले बरेच जण फसले. सत्यता तपासणारे मात्र पान उघडल्यावर जवळजवळ लगेच त्यातून बाहेर पडले. त्यांनी शेजारी नवीन पाने उघडली आणि या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते ते आधी पाहिले. माणूस भला आहे की नाही हे त्यालाच विचारून कळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावे लागते, हे शहाणपण जुनेच आहे. पडद्यापुढे बसले की ते आपण विसरतो. विद्वानांनाही हे जमले नाही, यात माझ्यासारख्या पुस्तकी माणसांसाठी टोमणा आहे. 'लक्षपूर्वक वाच' हा आमचा लाडका उपदेश, आणि फसवण्यासाठीच लिहिलेला मजकूर लक्षपूर्वक वाचणे म्हणजे फसवणाऱ्याला अधिक वेळ देणे.

हेही मी भाच्याला सांगून शिकवू शकले नाही. मग असे ठरले की मला फोनवर जे काही आश्चर्यकारक येईल ते पुढे पाठवण्याआधी मी त्याला दाखवायचे आणि त्याने पारखायचे. पहिल्या महिन्यात त्याने माझे तीन संदेश अडवले. त्यांतला एक मी आधीच चार जणांना पाठवला होता आणि त्या चौघांना मला 'ते खोटे होते' असे कळवावे लागले. त्याच्या दृष्टीने त्या महिन्यातला सर्वांत आनंदाचा क्षण तो होता. काम खरे होते. चुकणारी व्यक्ती मोठी होती. आणि त्याच्या पारखण्यावर काहीतरी अवलंबून होते. आता यंत्राने कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते म्हणून आम्ही घरात एक खुणेचा शब्दही ठरवला आहे. फोनवर कोणी घाबऱ्या आवाजात काही मागू लागले की आधी तो शब्द विचारायचा. शब्द त्याने निवडला आहे आणि तो इतका विचित्र आहे की खऱ्या संकटात मला हसू आवरणार नाही.

मुलांच्या संयमाविषयी बोलताना सगळे जण एका प्रयोगाचा दाखला देतात. समोर गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. वॉल्टर मिशेल यांचे हे स्टॅनफर्डमधले काम आणि 'जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली' हे त्याचे तात्पर्य घरोघरी पोहोचले. २०१८ साली अधिक मोठ्या आणि अधिक विविध मुलांच्या गटावर पुन्हा पाहिले तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला, आणि कुटुंबाची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी पुष्कळ आटला, हे मात्र घरोघरी पोहोचले नाही. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातून प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलांना आधी चित्रे काढायला बसवले आणि 'थांब, मी तुला आणखी चांगले साहित्य आणून देते' असे सांगितले. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. निम्म्यांना 'अगं, नाहीच आहे ते' असे सांगितले. मग खाऊचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांच्या बाबतीत मोडला गेला होता ती तीन मिनिटे. संयम मुलांच्या अंगी नसतो म्हणून आपण हळहळतो, आणि 'उद्या नक्की' हे शब्द आपल्याच तोंडून दिवसातून किती वेळा बाहेर पडतात ते मोजत नाही. ज्याचा उद्या येतच नाही त्याने आजचा खाऊ खाल्ला तर तो अधीर नव्हे, हुशार.

पैशांविषयी फार लिहीत नाही. मुलाच्या हातात थोडे पैसे द्यावेत, त्याने ते मूर्खपणे खर्च करावेत आणि आपण भरपाई करू नये, यापलीकडे मला त्यातले कळत नाही.

शरीराशी संबंधित कौशल्यांना मात्र आपण यादीत फार खालची जागा देतो, हे मला पटत नाही. जगात दर वर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात, आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा आहे. शाळकरी वयात तरंगायला, पोहायला आणि पाण्याजवळ कसे वागावे ते शिकवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्जक विचार नंतरही शिकता येतो. तरंगणे वेळेवरच यावे लागते. डेन्मार्कने २००५ साली शाळांमध्ये हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. वाहन परवाना घेणाऱ्यांना हे प्रशिक्षण देणे आणि इतरही उपाय झाले. रुग्णालयाबाहेर असा प्रसंग घडला तर शेजारच्या सामान्य माणसाने पुढे होण्याचे प्रमाण तिथे २००१ साली सुमारे २१ टक्के होते, ते २०१० साली सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. छातीच्या मध्यभागी तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवायचा, कोपर ताठ, मोठ्या माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर दोन मिनिटे दाब देऊन पाहिला तेव्हा माझे मनगट दुखले आणि भाचा मोठ्याने मोजत होता तो माझ्यापेक्षा अधिक लयीत.

तरीही या सगळ्याचा कस लागतो तो शिकवलेले आणि समोर आलेले जुळत नाही तेव्हा. त्यासाठी मी नेहमी जपानमधल्या कामाइशी शहराचा विचार करते. तिथे त्सुनामी जुनी ओळखीची. तोशिताका काताडा हे आपत्ती व्यवस्थापनाचे प्राध्यापक तिथल्या शाळांबरोबर काही वर्षे काम करत होते. गणिताच्या तासाला त्सुनामीच्या वेगाची उदाहरणे, डोंगराकडे पळण्याचा सराव, घर ते शाळा या वाटेवरच्या सुरक्षित जागा मुलांनीच नकाशावर भरणे, असे ते शिक्षण होते. त्यांनी मुलांना तीन गोष्टी सांगितल्या. अंदाजांवर विसंबू नका. त्या क्षणी शक्य असेल ते पुरेपूर करा. इतरांची वाट न पाहता स्वतः आधी निघा. पहिली गोष्ट पुन्हा वाचावी. धोक्याचे नकाशे सरकारनेच वाटलेले होते आणि एक शिक्षक मुलांना सांगत होता की त्या नकाशांवर भरवसा ठेवू नका.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. उनोसुमाई भागातल्या दोन शेजारी शाळा नकाशानुसार पाणी येणार नाही अशा पट्ट्यात होत्या. वीज गेल्याने ध्वनिक्षेपकावरून सूचना देता आली नाही. माध्यमिक शाळेतली मुले सूचनेची वाट न पाहता पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुले तोवर वरच्या मजल्यावर नेली गेली होती. मोठी मुले पळताना दिसली तशी तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तिथला कडा ढासळतो आहे असे दिसले, म्हणून सगळी आणखी वर गेली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. ती तिथूनही वर चढली. मागे वळून पाहिले तेव्हा दोन्ही शाळा पाण्याखाली होत्या. त्या दिवशी शहरात एक हजाराहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली, आणि शहरातल्या जवळपास तीन हजार शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी वाचली.

याला अनेकांनी चमत्कार म्हटले. मला तो शब्द त्या मुलांवर अन्याय करणारा वाटतो. त्यांनी ठरलेली जागा सोडली, म्हणजे शिकवलेले उत्तर मोडले, आणि ते मोडण्याचा अधिकार त्यांना आधीच देऊन ठेवलेला होता. आपल्या घरांत मुलांना हा अधिकार किती वेळा मिळतो? मी मोजून पाहिले तर उत्तर फारसे सुखावह आले नाही. माझे ऐकले तर शहाणा आणि न ऐकता बरोबर ठरला तर उद्धट, असा माझा हिशेब पुष्कळ काळ चालला होता.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे सगळे लेख, माझा धरून, ज्यांच्या मुलांची कामे दुसरे कोणीतरी करते अशा घरांसाठी असतात. जगात २०२४ साली सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे. धाकट्या भावंडाला सांभाळणारी, आजारी आईसाठी औषध विचारून आणणारी, हिशेबात कधी न चुकणारी मुले आपल्याभोवती असतात. निर्णय, ताण, संवाद, समस्या, सगळ्या चौकटींत त्यांना पैकीच्या पैकी गुण पडतील. पण त्यांच्या अंगी जीवनकौशल्ये आहेत असे आपण म्हणत नाही, कारण ती त्यांनी शिबिरात शिकलेली नसतात. त्यांना काम नव्हे, कामातून सुटका हवी आहे. मुलावर काहीतरी अवलंबून असावे, असे मी वर म्हटले; सगळेच अवलंबून असू नये, हे त्याच दमात म्हणायला हवे होते.

गेल्या महिन्यात वाचनालयातून आणलेले पुस्तक भाच्याच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीने भिजले. पाने फुगून पुस्तक दुप्पट जाड झाले. त्याने ते उन्हात ठेवले, वजनाखाली दाबले, शेवटी माझ्याकडे आणले आणि म्हणाला, "तू फोन करून सांगशील?" मी फोन उचललाही होता. मग त्याच्या हातात दिला. तो अर्धा तास खोलीत होता आणि त्याने कागदावर तीन वाक्ये लिहिली: पुस्तकाचे नाव, काय झाले, आणि 'मला काय करावे लागेल'. पहिल्या मसुद्यात 'पुस्तक भिजले' असे होते. ते खोडून त्याने 'माझ्याकडून भिजले' असे केले. मी काही सुचवले नव्हते. फोनवर पलीकडून काय बोलणे झाले ते मला कळले नाही. तो फक्त "हो… हो… चालेल" म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने पडद्याची झालर पिळत होता. नवीन प्रत आणून द्यायची ठरली. त्याच्या साठवलेल्या पैशांतून ती आली.

परवा पुन्हा चेन उतरली. मला हाक आली नाही. थोड्या वेळाने दार उघडल्याचा आवाज आला, दिवा लागला, आणि मी पाहिले तर बटणाभोवतीच्या पांढऱ्या भिंतीवर चार बोटांचे काळे ठसे उमटले होते. तो बेसिनपाशी उभा राहून हातांवर पाणी सोडत होता. वंगण पाण्याने जात नाही. ते पसरून मनगटापर्यंत गेले होते. साबणाची वडीही काळी झाली होती.

"मावशी, हे जातच नाहीये."

वंगण कशाने निघते ते मला माहीत आहे. मी दारात उभी राहिले आणि हात पाठीमागे बांधले.

"पाण्याने जात नाही हे कळलं. आता?"

त्याने हात नाकाशी नेऊन वास घेतला. बेसिन तसेच वाहते ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरच्या बाटल्या एकेक करून पाहू लागला. "चेनला काय असतं, तेलच ना?" हे तो मला विचारत नव्हता. त्याने तेलाची बाटली काळ्या बोटांनी उचलली, झाकण दातांनी उघडले आणि चार थेंब तळहातावर घेतले. सहा फरशीवर पडले.